साच्यावरचं हळदीचं बोट

खंडेनवमी त्या वर्षी शनिवारी आली, आणि त्या सकाळी मी एका जर्मन खेड्यातल्या म्युझियमच्या लाकडी साच्यांना हळदकुंकू लावलं. अगदी रीतसर. बोट पाण्यात बुडवून आधी हळद, मग कुंकू, प्रत्येक साच्याच्या बरोबर माथ्यावर, आणि वर एकेक झेंडूचं फूल. फुलं शेजारणीच्या बागेतली होती आणि ती तोडण्याआधी मी तिची परवानगी घेतली होती. जर्मनीत राहून एवढी शिस्त अंगात मुरली होती. साच्यांच्या बाबतीत मात्र परवानगी हा शब्द डोक्यात आला नाही.

म्हणजे एकाने आणून दिला होता. माझे सासरे शेजारीच उभे होते, हातात न पेटवलेली उदबत्ती धरून. म्युझियमच्या बाई त्या दिवशी परगावी गेल्या होत्या. (छताला धुराचा अलार्म होता, तेवढी अक्कल माझी शाबूत होती.)

"जावईबापू, बाईंना विचारलंत का?"

"अहो बाबा, यात विचारायचं काय? पूजाच तर करतोय."

"नाही, वस्तू त्यांच्या आहेत म्हणून म्हटलं."

"हत्यारं काम करणाऱ्याची असतात," मी म्हणालो. हे वाक्य मला त्या वेळी फार भारी वाटलं होतं.

संध्याकाळी निघताना फुलं उचलली आणि ओल्या रुमालाने साचे पुसले. कुंकवाचा वरचा थर गेला. खाली पिवळा गोल तसाच, त्याच्या मध्ये तांबूस ठिपका. जरा जोरात घासलं तर गोल मोठा झाला. लाकूड कोरं होतं, ना रंग ना वार्निश, त्याने हळद पिऊन टाकली होती. जाईल हळूहळू, असं मी स्वतःला सांगितलं आणि साचे फळीवर ठेवताना डागाची बाजू भिंतीकडे केली. जाईल असं खरंच वाटत असतं, तर भिंतीकडे का केली असती?

हे म्युझियम म्हणजे तंबाखू वाळवायचं जुनं कोठार होतं, आम्ही राहायचो त्या वाल्डॉर्फपासून गाडीने अर्ध्या तासावर, द्राक्षांच्या टेकड्यांमध्ये. गावातल्या दहापंधरा लोकांचं एक फेराइन ते चालवायचं. फेराइन म्हणजे आपल्याकडचं मंडळच, फक्त लाउडस्पीकर नाही. आणि त्यांनी जपलेला वारसा होता शेकर लोकांचा. शेकर हा अमेरिकेतला एक जुना ख्रिस्ती पंथ. लग्न करायचं नाही, बाया आणि पुरुषांनी एका घरात भावाबहिणींसारखं राहायचं, दरवाजे वेगळे, जिने वेगळे, मालमत्ता सगळ्यांची, आणि काम हीच प्रार्थना. जी वस्तू करायची ती साधी आणि नीट, तिच्यावर नक्षी नको, रंगाचा दिखावा नको. लग्नच नसल्यामुळे पंथ वाढणार कसा, आता बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरलीत. या गावातला एक सुतार तरुणपणी अमेरिकेला गेला तो त्यांच्यात सामील झाला आणि जन्मभर लाकडाच्या लंबगोल डब्या करत राहिला. ज्यांच्याभोवती तो त्या डब्या वळायचा, ते त्याचे साचे तिकडच्या एका म्युझियमने या कोठाराला उसने दिले होते. मी हळदकुंकू लावलं ते याच साच्यांना.

उसने आणले होते ते म्युझियमच्या बाईंनी. बाई सत्तरीच्या पुढच्या, शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झालेल्या. तरुणपणी अमेरिकेत जाऊन, शेकरांच्या एका जुन्या वसाहतीत राहून त्या डब्या करायला शिकल्या होत्या. गावचा माणूस निदान वस्तूंच्या रूपाने घरी यावा म्हणून त्यांनी कित्येक वर्षं पत्रं लिहिली, तेव्हा कुठे साचे मिळाले. त्यांच्या नकला करून बाई गावातल्या पोरांना आणि आमच्यासारख्या हौशी लोकांना डब्या शिकवायच्या. अस्सल साचे फळीवर असायचे, आणि ते हाताळायची मुभा बाकावर काम करणाऱ्या चारदोन विश्वासातल्या माणसांना होती. त्यांत मी होतो.

मी तिथे कसा पोचलो, तेही सांगतो. जर्मनीनेही सॉफ्टवेअरवाल्यांना ग्रीन कार्डं वाटली होती, त्या लाटेत आम्ही इथे आलो. आठवडाभर सॉफ्टवेअर, शनिवारी खरेदी, आणि रविवारी सगळं बंद. अशाच एका रविवारी बायको मला इथे घेऊन आली. मी बाईंना इतके प्रश्न विचारले की त्या म्हणाल्या, "तुम्हाला बोलायची आवड दिसते. आमच्याकडे फ्युरुंग करायला माणूस नाही." म्हणजे पाहुण्यांना फिरवून माहिती सांगायला. बायकोने तिथल्या तिथे माझ्या वतीने होकार दिला.

"घरी तुझं कुणी ऐकत नाही," गाडीत ती म्हणाली. "तिथे लोक तिकीट काढून ऐकतील. जा."

शेकरांबद्दलचं तिचं मतही तिने त्याच दिवशी नोंदवलं. "वेगळा दरवाजा, वेगळा जिना, स्वयंपाक पाळीपाळीने. एवढं सुख असून ही माणसं संपली कशी म्हणते मी."

सासरे आले ते पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते एवढे लांब आले होते. जिल्हा परिषदेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस, सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसायचा आणि खालच्या रिकाम्या रस्त्याकडे बघायचा. आमची मुलगी शाळेतून आली की ते तिच्याशी मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि दोघंही थोड्या वेळाने दमायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, तिकीट अलीकडचं करता येतं का हो?"

मग मी त्यांना कोठारात घेऊन गेलो. बाईंनी त्यांच्या हातात एक अर्धवट डबी आणि पॉलिशपेपर दिला, आणि सासरे घासत बसले. त्यांना सुतारकामातलं काही कळत नव्हतं. जन्मात त्यांनी खिळा ठोकला नव्हता. त्यांच्या डबीचं झाकण एक तर बसायचं नाही, नाही तर बसल्यावर निघायचं नाही. पण त्यांचं इंग्रजी ऑफिसच्या पत्रातलं, कडक, आणि बाईंचं अमेरिकेत शिकलेलं. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसून तासन्‌तास बोलायचे. आम्ही त्यांना बाबा म्हणतो म्हणून बाईही बाबा म्हणायला लागल्या. ते मात्र शेवटपर्यंत "रिस्पेक्टेड मॅडम" म्हणत राहिले. बाईंनी त्यांना एक निळा ॲप्रन दिला. तो ते दर शुक्रवारी स्वतः धुवायचे आणि शनिवारी सकाळी माझ्याआधी बूट घालून दारात उभे राहायचे. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

खंडेनवमीनंतरच्या शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा बाई फळीपाशी उभ्या होत्या. हातात साचा, डागाची बाजू वर.

सासरे नमस्कार करून बाकावर बसले, ॲप्रन बांधला, घासायला लागले. बाई माझ्याशी जर्मनमध्ये बोलल्या, हळू आवाजात. वयस्कर पाहुण्याला ओशाळं वाटू नये म्हणून जर्मनमध्ये बोलल्या, हे मला नंतर उमगलं.

"हे सगळ्या साच्यांवर आहे. हे काय आहे, तुम्हाला माहीत आहे का?"

"हळद," मी म्हणालो. "आमच्याकडे एक सण असतो. त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात."

"कुणी केली?"

मी हे अनेकदा आठवून बघितलंय. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार करायला वेळ लागतो. आमच्या घरात म्हाताऱ्या माणसाला कुणी काही बोलत नाही, त्यांच्या हातून कप फुटला तर "असू द्या" म्हणतात आणि माझ्या हातून फुटला तर त्याची चर्चा होते. हा हिशेब माझ्या हाडात बसलेला असणार. कारण तोंडातून निघालं ते एवढंच: "माझे सासरे. वयस्कर आहेत. त्यांना कल्पना नव्हती."

'श्वीगरफाटर' हा एक जर्मन शब्द सासऱ्यांना येत होता, कारण मी सगळीकडे त्यांची ओळख तशीच करून द्यायचो. तो ऐकून त्यांनी डबीवरून मान वर केली आणि बाईंकडे बघून हसले. बाईही हसल्या. त्या हसल्या ते फार वाईट झालं.

"आल्झो, हे बघा," त्या मला म्हणाल्या, "त्यांच्यावर मी रागावलेली नाही. पण साचे माझे नाहीत. अमेरिकेहून त्यांची माणसं तपासायला येणार आहेत. ज्याच्या हातून नुकसान झालं त्याला तोपर्यंत बाकाजवळ बसवता येणार नाही, साचे घेताना तसं लिहून दिलंय मी. तुम्ही त्यांना सांगाल का? तुमच्या भाषेत, नीट शब्दांत. मला ते सांगवणार नाही."

तेव्हाही खरं सांगता आलं असतं. अजून काहीच झालेलं नव्हतं. मी म्हणालो, "सांगतो."

घरी येताना मी सासऱ्यांना सांगितलं की थंडीमुळे आता वर्कशॉप बंद ठेवणार आहेत.

"एवढ्यात?"

"जर्मन लोक. आधीपासून तयारी करतात."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणून तर पुढे गेले."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी ॲप्रन धुतला. उघडलंच तर असावा म्हणून. शनिवारी मी एकटा निघालो, पुढच्या खोलीत पाहुण्यांना फिरवायची माझी पाळी होती, तेव्हा ते खिडकीत बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. "पुढची खोली चालू असते का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, पण तिथे बसायला जागा नाही."

आणि तिथे माझी काय अवस्था व्हायची, ती वेगळीच. मी पाहुण्यांना जे पाठ म्हणून दाखवायचो त्यात एक ठरलेला भाग होता. शेकर पंथात येणाऱ्याला आधी एका ज्येष्ठापुढे बसून आपल्या हातून घडलेल्या चुका बोलून दाखवाव्या लागत, सगळ्या, तोंडाने, स्वतःच्या. मगच त्याला घरात खोली आणि भिंतीवर खुंटी मिळायची. हे मी नेहमी रंगवून सांगायचो, जरा थांबून, लोकांच्या तोंडांकडे बघत. त्या शनिवारी मी तिथे आलो आणि माझं जर्मन आटलं. मी ते वाक्य गाळून थेट खुर्च्यांवर गेलो. शेकर लोक खुर्ची खुंटीला उलटी टांगतात, म्हणजे धूळ बसायच्या बाजूला बसत नाही, वगैरे. खुर्च्या निरुपद्रवी होत्या.

लोक गेल्यावर बाई म्हणाल्या, "आज तुम्ही चुका सांगण्याचा भाग सोडलात. मला तो आवडतो."

"वेळ कमी होता."

"बाबा कसे आहेत? वाईट वाटलं का त्यांना?"

"नाही नाही. समजूतदार आहेत."

हे एक वाक्य त्या सगळ्या प्रकरणात मी खरं बोललो.

बायकोला मी एवढंच सांगितलं होतं की साच्यांवर हळदीचे डाग पडलेत आणि बाई काळजीत आहेत. ती म्हणाली, "त्यात काय, उन्हात ठेवा. साडीवरची हळद उन्हात उडते." मी हा उपाय मोठ्या उत्साहाने बाईंना सांगितला. त्या दचकल्याच. जुनं लाकूड उन्हात ठेवायचं नसतं, आणि मालकाला विचारल्याशिवाय तर काहीच करायचं नसतं. "विचारायचं असतं," त्या पुन्हा म्हणाल्या, माझ्याकडे बघून, पण बोलत होत्या त्या बाबांबद्दल.

मग एके संध्याकाळी मी ऑफिसमधून आलो तर सासरे दिवाणखान्यात माझी वाट बघत बसलेले.

"बाईंचा फोन आला होता. अमेरिकेच्या मॅडम शनिवारी येतायत. मला बोलावलंय. म्हणाल्या, तुम्ही स्वतः त्यांना पूजेबद्दल समजावून सांगा, आणि घाबरू नका, तुमच्यावर कुणी रागावलेलं नाही."

मी बूट काढत होतो. एका बुटाची नाडी मी बराच वेळ सोडली.

"मी कशाला घाबरू?" सासरे म्हणाले.

"त्यांची बोलायची पद्धत आहे, बाबा."

"असेल."

ते आणखी काही विचारतील म्हणून मी थांबलो. त्यांनी टीव्ही लावला. त्यांना एक अक्षरही कळत नसलेल्या जर्मन बातम्या ते शेवटपर्यंत बघत राहिले.

शनिवारपर्यंत माझ्याजवळ दिवस होते. चहा घेताना सांगू, फिरायला गेल्यावर सांगू, असं करत करत शनिवार सकाळ आली आणि आम्ही गाडीत बसलो. त्यांनी कोट घातला होता, टाय लावला होता, मांडीवर कापडी पिशवी. द्राक्षांच्या मळ्यांपाशी मी म्हटलं, "बाबा, एक सांगायचं होतं."

"समोर ट्रॅक्टर आहे," ते म्हणाले. "समोर बघा, जावईबापू."

अमेरिकेच्या मॅडम साधारण माझ्याच वयाच्या, सौम्य बोलणाऱ्या. त्यांनी पांढरे हातमोजे घालून एकेक साचा खिडकीपाशी नेला, परत आणला, वहीत काही लिहिलं. बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि त्यांच्या गळ्याशी लाल चट्टे उमटले होते. मग मॅडम सासऱ्यांकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत असं मला कळलं. का करतात ते मला सांगाल?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारकुनाने फाईल हरवल्यावर हेडक्लार्क ज्या नजरेने बघत असेल तसं. फार वेळ नाही. मग त्यांनी कोटाची बटणं सारखी केली.

"येस मॅडम," ते म्हणाले. "आय डिड इट."

आणि त्यांनी भाषण केलं. आमच्याकडे वर्षातून एक दिवस ज्याच्या जोरावर पोट भरतं त्या वस्तूला हात जोडतात, लोहाराने ऐरणीला, शिंप्याने मशीनला. "मी माझ्या टाइपरायटरला जोडायचो, मॅडम. कुंकू रोलरला लागायचं आणि पुढचे आठ दिवस सगळ्या सरकारी पत्रांवर गुलाबी डाग यायचे. साहेब ओरडायचे. म्हणजे हे असं होतं हे मला माहीत असायला हवं होतं. आय ॲम व्हेरी सॉरी."

मॅडम हसल्या. त्यांना ते मनापासून आवडलेलं दिसत होतं. पण हसून झाल्यावर त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. सगळ्यात जास्त डागाळलेला साचा त्या सफाईसाठी परत नेणार होत्या. बाकीचे तूर्त राहतील, वसंतात पुन्हा बघू. आणि या सद्‌गृहस्थांनी पुन्हा साच्यांजवळ काम करू नये, एवढी अट.

"क्वाइट राइट, मॅडम," सासरे म्हणाले. त्यांनी पिशवीतून धुतलेला, घडी केलेला निळा ॲप्रन काढला आणि बाकावर ठेवला. ठेवून घडीवरून एकदा हात फिरवला.

"मी लावलं होतं," मी म्हणालो.

मराठीत म्हणालो. तिथे मराठी कळणारा एकच माणूस होता आणि तो दातओठ खाऊन पुटपुटला, "गप बसा."

मग मी इंग्रजीत सांगितलं. आणि बाईंकडे बघून पुन्हा जर्मनमध्ये, कारण खोटं त्याच भाषेत बोललो होतो. मी लावलं, मी एकट्याने, यांनी मला आधी विचारून घ्या म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी यांचं नाव सांगितलं.

मॅडमनी वही मिटली, जरा बाहेर जाऊन येते म्हणाल्या आणि कोठाराला शेकर पद्धतीने केलेल्या दोन दरवाजांपैकी चुकून पुरुषांच्या दरवाजातून गेल्या.

बाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं साच्यांबद्दल बोलतील. "मी एका म्हाताऱ्या माणसाला घरी बसवलं," त्या म्हणाल्या. "रोज वाईट वाटून घेत होते, पण बसवलं. तुम्ही मला असं वागायला लावलंत." त्यांनी ॲप्रन उचलून सासऱ्यांच्या हातात दिला, त्यांच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलल्या, मी ऐकू नये अशा आवाजात. मग परत मला: "बाकाजवळ आता तुम्ही यायचं नाही. फ्युरुंग केलीत तर पुढच्या खोलीपर्यंत. आणि जे वाक्य सोडलं होतंत, ते सोडायचं नाही."

"गेनाऊ," मी म्हणालो. म्हणजे 'अगदी बरोबर'.

परतताना सासऱ्यांनी ॲप्रनची पिशवी मांडीवर घेतली होती. मला वाटत होतं, आता निदान एवढं तरी म्हणतील की उशिरा का होईना, बोललात. ते बोलले, पण भलतंच.

"मी एकदा 'आय डिड इट' म्हटलं होतं ना?"

"हो, बाबा."

"मग मध्ये तोंड कशाला घातलंत? दोन परक्या बायकांपुढे मला खोटा पाडलात. एवढं चांगलं इंग्रजी बोललो होतो."

"सॉरी, बाबा."

"आणि तीन-तीन भाषांत सांगायची काय गरज होती? एकीत भागलं नसतं?"

मी गाडी वळणावरून घेतली. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"बाईंचा फोन आला तेव्हाच. सगळी नोकरी त्यात गेली माझी. साहेबाने स्वतःची चूक आपल्या नावावर टाकली की चार लोक फोन करून सांगतात, घाबरू नका."

"मग मला विचारलं का नाहीत? त्याच दिवशी विचारायचं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अडाणीपणाचं बोललो होतो.

"जावयाला असं कसं विचारणार?" ते म्हणाले. "मुलगी दिलीय."



घरी गेल्यावर ते मुलीला काहीच सांगणार नाहीत हे उघड होतं. "छान झालं," एवढंच त्यांनी तिला सांगितलं आणि टाय सोडायला गेले. म्हणजे सांगायचं काम माझ्यावर आलं. मी रविवारभर सांगितलं नाही. सोमवारी सकाळी सासरे बूट घालून दारात उभे राहिले. बाईंनी त्यांना भारतात परत जाईपर्यंत रोज यायला सांगितलं होतं.

"थांबा बाबा, मी सोडतो," मी म्हटलं.

"नको. बस जाते तिथे. बाईंनी लिहून दिलंय." त्यांनी खिशातला कागद दाखवला, ॲप्रनची पिशवी काखेत मारली आणि निघाले. ज्या माणसाने इथे आल्यापासून एकट्याने कोपऱ्यावरची बेकरी गाठली नव्हती, तो बसने निघाला. मी गॅलरीतून बघत होतो. थांब्यावर ते ताठ उभे होते, येणाऱ्या प्रत्येक गाडीला कागदावरचा नंबर ताडून बघत. कार आली तरी बघायचे. बस आली, ते चढले, ड्रायव्हरला कागद दाखवला. बस गेली.

मी आत आलो. बायको ओट्यापाशी उभी होती. बाबांनी डबा नेला नाही म्हणून कुरकुरत होती. त्यांना तू का नाही सोडलंस, तिने विचारलं, आणि मग मी सगळं सांगितलं, हळदीपासून बसपर्यंत, ऑफिसला उशीर होत असताना, उभ्या उभ्या. सांगताना मी माझ्या बाजूने जे जे मांडता येईल ते मांडलं. मी घाबरलो होतो, क्षणभरात तोंडातून गेलं, वाटलं त्यांना कोण काय बोलणार, आणि शेवटी कबूल केलंच ना, तेही तीन भाषांत.

तिने गॅस बंद केला. पोळ्यांचा डबा झाकला. मी आता निघावं की थांबावं ते मला कळेना. मी म्हटलं, "बोल ना काहीतरी."

"हळद लावलीस त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "ती मीच दिली होती पुडीत बांधून. घाबरलास, तेही समजू शकते. मला एकच सांग. माझ्या बाबांच्या जागी तिथे तुझे बाबा बसलेले असते, तर त्यांचं नाव आलं असतं तुझ्या तोंडात?"